तळघर: खालून वर की वरून खाली?

नेहमीची रीत सरळ आहे. पूर्ण खड्डा खणा, तळाशी राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग जाड पाया, ओता, मग एकेक स्लॅब टाकत वर या. खोदाईला मोकळी जागा मिळते, वॉटरप्रूफिंगही सोपं. पण तोवर खड्ड्याच्या भिंतींना तात्पुरते लोखंडी आधार लागतात.

उलट्या पद्धतीत आधी कडेच्या डायाफ्राम भिंती (जमिनीत खोल चर खणून त्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती), मग जमिनीवरच वरचा स्लॅब. त्याखाली खणत एकेक मजला उतरायचं. प्रत्येक स्लॅबच भिंतींना आधार देतो. १९६४ साली सुरू झालेली मिलानची मेट्रो अशीच बांधली. वरचा रस्ता लवकर मोकळा झाला. मात्र स्लॅबखाली कोंदट अंधारात खणणाऱ्या मजुरांना खेळती हवा आणि उजेड हवाच, तिथे काटकसर मला मुळीच मान्य नाही. शेजारी जुन्या इमारती असतील तर मी हीच पद्धत निवडेन, कारण कडेची जमीन सहसा कमी सरकते.