कॉक्लिअर इम्प्लांटपूर्वी कानाच्या नसेची तपासणी: एमआरआय, प्रोमोंटरी चाचणी आणि ईएबीआर

कॉक्लिअर इम्प्लांट अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या पण निकामी झालेल्या केसपेशींना वगळून श्रवणतंत्रिकेला, म्हणजे कानाच्या नसेला, थेट विद्युत स्पंद देते. नसच नसेल किंवा फार क्षीण असेल, तर उत्तम यंत्र बसवूनही आवाज मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. ही शंका नेहमीच्या बेरा तपासणीने (आवाज ऐकवून मेंदूच्या खोडाचा प्रतिसाद टिपणारी चाचणी) फिटत नाही, कारण बेरामध्ये दिलेला आवाज आधी केसपेशींतून जावा लागतो आणि त्याच निकामी असल्या तर नस धडधाकट असूनही आलेख सपाट येतो. अनेक पालक त्या सपाट आलेखावरून नसच मेली असे समजून खचतात, आणि हा गैरसमज वेळीच दूर व्हायला हवा.

एमआरआय नसेची रचना दाखवते. मिलिमीटरहून पातळ छेदांच्या टी-२ (द्रव उजळ दाखवणाऱ्या) प्रतिमांमध्ये आतल्या श्रवणनलिकेतील चार नसा वेगवेगळ्या ओळखता येतात: चेहऱ्याची, ऐकण्याची आणि तोलाच्या दोन. ऐकण्याची नस साधारणपणे चेहऱ्याच्या नसेहून जाड असते; ती बारीक दिसली किंवा दिसलीच नाही, तर पुढचा विचार बदलतो. सीटी स्कॅन त्याच जागेचा हाडांचा मार्ग अरुंद आहे का ते सांगते, म्हणून या दोन तपासण्या अनेकदा जोडीने होतात. मात्र प्रतिमेत न दिसलेल्या नसेतही काही तंतू शिल्लक असू शकतात, आणि जाड दिसलेली नस काम करतेच असेही नाही.

प्रोमोंटरी चाचणी नसेचे कार्य तपासते. कानाचा पडदा बधिर करून त्यातून बारीक सुई मध्यकर्णातील प्रोमोंटरी या उंचवट्यावर टेकवतात, सौम्य विद्युत स्पंद देतात आणि आवाजासारखे काही जाणवले का, असे विचारतात. उत्तर रुग्णालाच द्यायचे असल्याने ती समजत्या वयाच्या मुलांपुरती आणि प्रौढांपुरतीच मर्यादित राहते. होकार आला तर आश्वासन मिळते. नकाराला मात्र मी फार कमी वजन देईन. विद्युत प्रवाह कॉक्लियाच्या (अंतर्कर्णातील शंखाकृती भागाच्या) बाहेरून हाडातून जातो, सुईची जागा किंचित चुकू शकते, आणि काहीच न जाणवलेल्या रुग्णांनाही पुढे इम्प्लांटचा लाभ झालेला आहे. केवळ या चाचणीवरून कोणी शस्त्रक्रिया नाकारली, तर दुसरे मत अवश्य घ्यावे.

ईएबीआरमध्ये, म्हणजे बेराच्या विद्युत प्रकारात, आवाजाऐवजी विद्युत स्पंद देऊन मेंदूच्या खोडाचा प्रतिसाद डोक्यावरील इलेक्ट्रोडने टिपतात. रुग्णाच्या उत्तराची गरज नसल्याने भूल दिलेल्या लहान मुलांसाठी ती उपयोगी ठरते. आलेखात मेंदूच्या खोडातून येणारी स्पष्ट पाचवी लहर दिसली, तर संदेश खोडापर्यंत पोहोचतो असे म्हणता येते. पण स्पंदाचाच विद्युत गोंगाट आणि चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल आलेखात मिसळते, म्हणून वाचणारा ऑडिओलॉजिस्ट अनुभवी हवा. शस्त्रक्रियेपूर्वी मध्यकर्णातून केलेल्या नोंदीपेक्षा कॉक्लियात इलेक्ट्रोड बसल्यावर केलेली नोंद अधिक स्पष्ट येते, पण तोवर निर्णय बहुतांशी झालेला असतो.

बोलणे शिकल्यानंतर ज्याची श्रवणशक्ती हळूहळू गेली आणि ज्याच्या एमआरआयमध्ये नस नीट दिसते, अशा प्रौढाला बहुधा विद्युत चाचणीची गरज नसते. तिथे सुईची वेदना आणि जादा खर्च कशासाठी, हे डॉक्टरांना विचारणे रास्त आहे. एमआरआयमध्ये नस बारीक किंवा अदृश्य असलेल्या बालकात मात्र ईएबीआरचा आग्रह धरावा, कारण कोणता कान निवडायचा, इम्प्लांट करायचे की मेंदूच्या खोडावर बसणाऱ्या इम्प्लांटचा विचार करायचा, हे त्यावरून ठरण्यास मदत होते. मेंदूज्वरानंतर बहिरेपणा आला असेल, तर एमआरआय आणि सीटी तातडीने करून घ्यावेत आणि बाकीच्या चाचण्यांसाठी थांबू नये, कारण कॉक्लियात हाड भरू लागले की इलेक्ट्रोड आत सरकवणे अवघड होत जाते.