शाकुहाची शिकायची आहे: युरोपातली उन्हाळी शाळा की वर्षभर ऑनलाइन गुरू?

बासरी वाजवणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतो. शाकुहाचीचा, म्हणजे जपानच्या बांबूच्या उभ्या बासरीचा नाद लागलाय, साधी एक घेऊनही झाली, आता एका युरोपवारीपुरते पैसे बाजूला काढलेत. ते उन्हाळी शाळेत घालावेत, की घरी बसून वर्षभर एखाद्या गुरूकडे ऑनलाइन शिकावं? मी नेदरलँड्समध्ये राहतो, दोन उन्हाळे अशा शाळांना जाऊन आलोय आणि चार वर्षं ऑनलाइन शिकतोय. माझं मत आधीच सांगतो: आधी गुरू, मग शाळा. पण कारणं वाचून मगच ठरवा, कारण काही जणांच्या बाबतीत हे मत लागू पडत नाही.

सुरुवात वाद्यापासून करू या, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. नेहमीच्या वापरातली शाकुहाची १.८ शाकू लांब, म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर. पुढे चार भोकं, मागे अंगठ्याचं एक. सगळी भोकं बंद असताना निघणारा सूर षड्ज धरला, तर एकेक बोट उचलत गेल्यावर सा, कोमल ग, म, प, कोमल नी असे सूर मिळतात. धानी राग आयता हातात. बासरीवाल्याला पहिल्या पंधरवड्यात वाटतं, हे तर जमलंच! मग तो जुन्या एकल रचनांकडे वळतो. एके काळी डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून भिक्षा मागत फिरणारे झेन साधू ज्या वाजवायचे, त्या या रचना; त्यांना होनक्योकू म्हणतात. तिथे कोमल रिषभ लागतो, आणि त्याच्यासाठी भोकच नाही. सर्वांत खालचं भोक अर्धवट झाकायचं, हनुवटी खाली न्यायची आणि फुंकेचा कोन बदलून सूर उतरवायचा. या उतरवण्याला ‘मेरी’ म्हणतात. बासरीत आपण मींड बोटांनी काढतो, इथे ती मानेतून येते. एकच सूर पुन्हा वाजवायचा तर जीभ मारायची नाही, भोकावर बोटाची हलकी थाप द्यायची. वर्षानुवर्षांच्या रियाझाने अंगात मुरलेल्या दोन सवयी इथे आडव्या येतात.

आता हे शिकायचं कुठे?

युरोपियन शाकुहाची सोसायटीची उन्हाळी शाळा दर वेळी वेगळ्या शहरात भरते. काही दिवसांचाच मामला असतो. जपानहून आलेले आणि युरोपात स्थायिक झालेले शिक्षक, पातळीनुसार गट, संध्याकाळी मैफली, आणि शेवटी शिकणाऱ्यांचं वादन. सकाळ ‘रो’ने सुरू होते. रो म्हणजे सगळी भोकं बंद करून काढलेला खालचा सूर. सगळे जण तो एकत्र, एकेका श्वासात, बराच वेळ वाजवत बसतात. मी गेलो तेव्हा आम्ही तिसाच्या आसपास होतो. प्रत्येकाची शाकुहाची किंचित चढी किंवा किंचित उतरती, त्यामुळे खोलीभर सूर लाटांसारखे हेलकावत होते. हळूहळू ज्याचा त्याचा कान शेजाऱ्याकडे वळला आणि त्या लाटा संथ होत गेल्या. घरी एकट्याने तानपुऱ्यावर कितीही रियाझ केला तरी हे हाती लागत नाही.

पण शाळेचा खरा फायदा मला कळला तो एका दुपारी. कोमल रिषभाशी मी झगडत होतो. सूर उतरायचा, पण पोकळ व्हायचा. शिक्षक माझ्या बाजूला येऊन बसले आणि त्यांनी माझ्या शाकुहाचीचं खालचं टोक दोन बोटांत धरून ठेवलं. म्हणाले, ‘आता वाजवा.’ वाजवायला गेलो तर सूर उतरेचना. तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस मी हनुवटी हलवतच नव्हतो, हाताने वाद्यच खाली नेत होतो. टोक धरलेलं असल्यामुळे मान हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मान हलली, आणि सूर भरीव होऊन खाली आला. दोन वर्षं ऑनलाइन शिकूनही ही चूक सापडली नव्हती. त्यात गुरूंचा दोष नाही. समोरून लावलेल्या कॅमेऱ्यात हा कोन दिसतच नाही. (तेव्हापासून मी फोन डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवतो. तुम्हीही तसाच ठेवा.)

दोघांनी मिळून वाजवायच्या रचनाही तिथेच शिकाव्यात. ‘शिका नो तोने’ ही दोन हरणांनी दुरून एकमेकांना घातलेली साद. एक जण दालनाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि एकाचा सूर विरता विरता दुसरा त्यावर आपला सूर ठेवतो. इंटरनेटवर आवाज पोहोचायला उशीर लागतो, तेवढ्यात ती साद तुटते.

मग उणं काय? एकच, पण मोठं. थोड्या दिवसांत तीन-चार शिक्षक, आणि प्रत्येकाची परंपरा वेगळी. किन्को शैली कुरोसावा किन्को (१७१०–१७७१) यांच्यापासून चालत आलेली. तोझान शैली नाकाओ तोझान यांनी १८९६ साली ओसाकात सुरू केली. क्योतोच्या मेइआन मंदिराशी जोडलेली परंपरा आणखी निराळी. हा फरक आपल्या घराण्यांसारखा तर आहेच, पण तो थेट लिपीत उतरतो. कोमल नीच्या जागेवरच्या सुराला किन्कोवाले ‘रि’ लिहितात, तोझानवाले ‘हा’. ज्याची एक लिपी अजून पक्की नाही, तो इथे दुसऱ्या दिवशीच गोंधळतो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात एक नवखा मुलगा होता, कान चांगला, फुंकही छान. तीन शिक्षकांनी एकच वळण त्याला तीन प्रकारे सांगितलं. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता, पण चौथ्या दिवशी त्याला स्वतःचं असं एकही वळण उरलं नव्हतं. घरी परतून कुणाकडे विचारावं, तर गुरूच नाही. असं कुणाचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रागचा शाकुहाची महोत्सव उन्हाळ्याच्या अखेरीला भरतो. तिथेही शिकवण्या आहेतच, पण त्याचा कल मैफलींकडे आणि नव्या संगीताकडे जास्त. ज्याला होनक्योकूपेक्षा आजचे रचनाकार या वाद्यातून काय काढताहेत ते ऐकायचं आहे, त्याने प्रागच निवडावं. पाया पक्का करायचा असेल तर सोसायटीची शाळा बरी. अमेरिकेत रॉकी पर्वतातही उन्हाळी शिबिर भरतं, पण भारतातून जाणाऱ्याने दोन गोष्टी आधी पाहाव्यात: व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आणि तिथली कोरडी हवा. बांबूला कोरडेपणा सोसत नाही. माझ्या शाकुहाचीला तर इथे घरातच, हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीत तडा गेला. मी ती उघडीच ठेवली होती. दोऱ्याने आवळून दुरुस्त झाली, पण खालचा रो पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागायला महिने गेले. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्याशिवाय मी घराबाहेर नेत नाही. जागतिक शाकुहाची महोत्सवाला (१९९४ला बिसेई, २०१२ला क्योतो, २०१८ला लंडन) ऐकायला अवश्य जावं. शिकण्यासाठी तो फार मोठा पडतो.

ऑनलाइन शिकवणीची बाजू आपल्याकडे नीट मांडली जात नाही. तिचं मोठं बळ म्हणजे नियमितपणा. वेळाही भारतीयांना फार सोयीच्या आहेत. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आणि उन्हाळ्यात मध्य युरोप साडेतीन तास मागे. तोक्योत सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा, ऐन रियाझाची वेळ. पंधरवड्यातून एक तास, त्यात एकच ओळ, आणि ती बसेपर्यंत पुढे जायचं नाही. उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली लिपी वाचायला अशीच सावकाश शिकावी.

पण एक अडचण आधीच सोडवून ठेवा. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरला शाकुहाचीतला श्वासाचा आवाज गोंगाट वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. ‘मुराइकी’ म्हणजे फुंकेचा वारा सुरासकट फुटून बाहेर येतो ते वादन. माझ्या पहिल्या तासांत गुरूंना माझं मुराइकी अजिबात ऐकू येत नव्हतं, आणि सूर विरत जायचा तिथे थेट शांतता. सेटिंगमध्ये जाऊन गोंगाट कमी करणारी सोय बंद केली, तेव्हा कुठे आमचं खरं शिक्षण सुरू झालं. हे वाद्य जेवढं सुराचं तेवढंच वाऱ्याचं, म्हणून पहिल्या तासाआधी हे तपासाच.

पैशांचं म्हणाल तर शाळेच्या फीपेक्षा विमान, राहणं आणि व्हिसा जड जातात. शेंगेन व्हिसाचं प्रौढांचं शुल्क सध्या ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शाळेची तारीख जाहीर झाली की लगेच आमंत्रणाचं पत्र मागून घ्या. भारतातून एका फेरीला लागणाऱ्या पैशांत ऑनलाइन शिकवणीचं वर्ष सहज निघतं, आणि वर उरलेल्या रकमेत बरी शाकुहाची घेता येते.

त्यामुळे ज्याच्या हातात वाद्य येऊन सहाच महिने झालेत आणि ज्याला गुरू नाही, त्याने यंदा जाऊ नये. वर्ष-दीड वर्ष एकाच शैलीत घालवा. पाच सुरांची अक्षरं न अडखळता वाचता यावीत, रो एका श्वासात वीस सेकंद स्थिर राहावा, एखादी छोटी रचना पाठ असावी. मग उन्हाळी शाळेला जा, आणि गेलात की एकाच शिक्षकाचा गट धरून राहा. बाकीच्यांना संध्याकाळी ऐका. जे फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत राहतात, ज्यांना व्हिसा लागत नाही आणि रेल्वेने जाता येतं, त्यांनी मात्र थांबू नये. त्यांनी नवशिक्यांच्या गटात खुशाल नाव घालावं, आणि आवडलेल्या शिक्षकांना तिथेच विचारावं, ‘मला पुढे ऑनलाइन शिकवाल का?’ माझे आजचे गुरू मला असेच दुसऱ्या उन्हाळ्यात, जेवणाच्या रांगेत भेटले.

वाद्य नाही म्हणून अडू नका. एबीएस प्लास्टिकची ‘यू’ शाकुहाची सुरुवातीला उत्तम. तिला तडा जात नाही आणि सूर नेमका लागतो. जुनी बांबूची मिळाली तर घेण्याआधी फुंकायच्या कडेवर बसवलेला तुकडा कशाचा आहे ते विचारून घ्या. शिंगाचा असेल तर हरकत नाही. काही जुन्या वाद्यांत तो हस्तिदंताचा असतो, आणि असं वाद्य घेऊन सीमा ओलांडायची तर कागदपत्रांच्या कटकटीत निम्मी शाळा निघून जाईल.