तर्कदोष: नावं पाठ करायची की भोक शोधायचं?

नेट-सेटची (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची) तयारी करणारी भाची आणि क्लॅट (कायद्याच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा) देणारा तिचा धाकटा भाऊ, दोघांनी एकाच आठवड्यात विचारलं, "मावशी, चुकीचा युक्तिवाद ओळखायला काय वाचू?" दोघांना वेगवेगळी उत्तरं दिली.

नेटच्या पहिल्या पेपरच्या अभ्यासक्रमात 'हेत्वाभास' (वरवर बरोबर वाटणारं, पण सदोष कारण) हा शब्दच छापलेला आहे. ५० प्रश्न, १०० गुण, चुकलं तर वजाबाकी नाही. तिथे नाव येत नसेल तर गुण गेला. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, हेत्वाभासांची पाच नावं आहेत: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. गोंधळ हमखास होतो तो विरुद्ध आणि बाधित यांत. 'शब्द (म्हणजे ध्वनी) नित्य आहे, कारण तो निर्माण होतो' हा विरुद्ध: दिलेलं कारणच उलटं सिद्ध करतं. 'अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे' हा बाधित: इथे कारण तपासायचीही गरज नाही, बोट भाजलं की निकाल लागला. पाच नावं, प्रत्येकी एक उदाहरण, चार संध्याकाळी पुरतात.

क्लॅटमध्ये हे फारसं कामाला येत नाही. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा; आणि नाव विचारण्याऐवजी 'यातली उणीव कोणती' असं साध्या भाषेत विचारतात. यूपीएससीच्या सीसॅटमध्येही (पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) युक्तिवादामागचं गृहीतक शोधायला लावतात, आणि तिथे तर चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापतात.

समजा असं आलं: 'पूर्वपरीक्षा पास झालेले सगळे रोज पेपर वाचत. सायली रोज पेपर वाचते. म्हणजे ती पास होणार.' ऐकायला बरं वाटतं. आता सांगाडा तोच ठेवून माणसं बदला: सगळे आमदार मतदार असतात (कायद्याने असावंच लागतं), मी मतदार आहे, म्हणजे मी आमदार! भोक लगेच दिसतं. पेपर वाचणं लागत असेलही, पण तेवढ्याने भागतं असं कुठे म्हटलंय?

सुरुवातीला या पद्धतीला वेळ फार लागतो, हे खरं. आधी 'म्हणून'च्या पुढचं वाक्य अधोरेखित करायचं, मग कारण, मग दोघांच्या मधे न बोललेलं काय आहे ते पेन्सिलीने लिहायचं. भाच्याने पहिल्या दिवशी तासाभरात जेमतेम नऊ सोडवले आणि वैतागला. नावांची यादी पाठ असलेल्याला पर्याय पटकन दिसतो, पण तोच फसतोही. 'कारण आणि योगायोग यांत गल्लत' हा पर्याय ओळखीचा वाटतो म्हणून तो टिक करतो, आणि त्या उताऱ्यात कारणाचा दावा केलेलाच नसतो.

काही नावं तर आपल्याकडे फुकट आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे ज्याला कळलं त्याला त्या दोषाचं लॅटिन नाव नाही आलं तरी चालेल. मी एकेकाळी अशा चोवीस लॅटिन नावांची वही केली होती. आता त्यातली चार आठवतात.

दोन्ही प्रकारच्या परीक्षा द्यायच्या असतील तर आधी महिनाभर भोक शोधायची सवय लावा, नावं शेवटच्या पंधरवड्यात. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक उतारा यादीत बसवायचा मोह होतो. भाचीला आता तोच त्रास होतोय.