पद्मिनीचा रबरी पाइप आणि माझे २३,२०० रुपये

वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटारगाडी आमच्या घरी अजून आहे आणि ती चालती राहावी यासाठी मी मनापासून झटतो. एप्रिलमध्ये तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागे. एकदा चालू झाली की सोलापुरात ती ठीक चाले, पण अक्कलकोटला जाताना वळसंगच्या अलीकडे वेग साठच्या वर गेला आणि इंजिन झटके देत बंद पडले. दहा मिनिटे थांबून भरपूर सेल्फ मारल्यावर ते पुन्हा सुरू झाले. ही लक्षणे मी शहरातील एका गॅरेजमध्ये जशीच्या तशी सांगितली. माझी फसवणूक तिथे झाली. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या इतरांवर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मेकॅनिकने बॉनेट उघडले आणि कशालाही हात न लावता सांगितले, “काका, कार्बोरेटर गेला. सोलेक्स आता मिळत नाही, पण माझ्याकडे एक पेटीपॅक पडून आहे.” कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, आणि सोलेक्स ही त्याची कंपनी. त्या पेटीपॅकचे ९,५०० रुपये मी दिले. चार दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू झाली, तेव्हा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, बदलला, २,८०० रुपये. मग करंट कमी येतो म्हणून कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर, ३,९०० रुपये. मग टाकीत कचरा आहे म्हणून टाकी उतरवून धुतली, २,५०० रुपये. मजुरी ४,५०० रुपये झाली. हा सगळा हिशेब वहीच्या एका पानावर पेन्सिलने लिहून मिळाला. पक्के बिल मागितले तेव्हा “घरचंच काम आहे की काका” असे उत्तर आले आणि मी गप्प बसलो. जुने सुटे भागही मी मागून घेतले नाहीत. या दोन्ही चुका माझ्याच होत्या आणि त्या पुढे फार महागात पडल्या.

मे महिन्यात, ऊन बेचाळीसच्या पुढे गेले असताना, गाडी घराच्या दारातच बंद पडली. शेजाऱ्यांच्या ओळखीने एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी आधी टाकीचे झाकण उघडून हवा आत ओढली गेल्याचा आवाज येतो का ते ऐकले, कारण झाकणाचे बारीक छिद्र बुजले तरी पेट्रोल पुढे येत नाही. आवाज आला नाही. प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली, तर ठिणगी निळी आणि जोरकस होती. म्हणजे करंटचा प्रश्न नव्हता. मग कॉइलची वायर सोडवून ठेवली, पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून तो काचेच्या बाटलीत सोडला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. दर फेऱ्याला पेट्रोलची जोरदार चिळकांडी यायला हवी होती. बाटलीत मात्र बुडबुडे आणि मध्येच थोडे थोडे पेट्रोल येत होते.

चाचांनी टाकीची बाजू पंपापासून सोडवून पंपाला थेट पेट्रोलच्या डब्यातून पाइप जोडला, तेव्हा बुडबुडे थांबले आणि धार सरळ पडू लागली. पंप ठीक होता, दोष मागे होता. टाकीकडून येणारी धातूची नळी आणि पंप यांना जोडणारा वीतभर रबरी पाइप त्यांनी वाकवून दाखवला: क्लॅम्पखाली नखाएवढी चीर होती. हा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्याने तिथून पेट्रोल सहसा ठिबकत नाही, उलट पंप त्या चिरेतून हवा ओढतो. गाडी उभी राहिली की नळीतले पेट्रोल टाकीकडे परत उतरते, म्हणून सकाळी सेल्फ लांबतो, आणि वेगात जास्त पेट्रोल लागते तेव्हा ते पुरत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, असेही ते म्हणाले. नवा पाइप आणि दोन क्लॅम्प मिळून १८० रुपये लागले. गाडी अर्ध्या वळणात चालू झाली.

जाता जाता चाचांनी कार्बोरेटरकडे निरखून पाहिले. ‘पेटीपॅक’ म्हणून बसवलेल्या त्या कार्बोरेटरच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या होत्या, थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, दांडा बोटाने हलत होता आणि चंदेरी रंगाखाली जुने गॅस्केट काळे पडलेले दिसत होते. माझा मूळचा चांगला सोलेक्स काढून घेऊन त्याच्या जागी रंगवलेला जुना भाग बसवला होता, आणि त्यासाठी पैसेही माझ्याकडूनच घेतले होते. मला सर्वांत जास्त दुःख याचे झाले.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा जुना कार्बोरेटर भंगारात गेला असे सांगण्यात आले. या गाड्यांचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मूळ सोलेक्सला किती मागणी आहे हे माहीत असणारा माणूस तो भंगारात टाकेल, यावर माझा विश्वास नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे म्हटले तर हातात पुरावा म्हणून पेन्सिलने लिहिलेले ते एक पान आहे आणि त्यावर ना गॅरेजचे नाव आहे, ना सही.

माझ्या कार्बोरेटरची एक खूण आहे. त्याच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्याच्या, झाकणाच्या एका कोपऱ्यातील आटे गेल्यामुळे वडिलांनी तिथे थोडा जाड पितळी स्क्रू बसवून घेतला होता. बाकीचे स्क्रू लोखंडी आहेत. सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूर भागात कोणाला जुना सोलेक्स विकत देऊ केला गेला, तर तो कोपरा जरूर पाहावा.