कोबेन्फी: बोळा नाही, मागची चावी

१९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे पहिले औषध आले, तेव्हापासून स्किझोफ्रेनियाच्या जवळजवळ सगळ्या औषधांचा मारा एकाच जागी: मेंदूतल्या डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे डी२ रिसेप्टर (ते संदेश घेणाऱ्या पेशींवरच्या जागा) अडवायचे. भास-संशय त्याने उतरतात, पण हालचालींचे सर्किटही त्याच डोपामाइनवर चालते. मग हात थरथरतात, अंग आखडते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी चुकते ते वेगळेच.

अमेरिकेत २६ सप्टेंबर २०२४ ला मंजूर झालेली कोबेन्फी ही स्किझोफ्रेनियाची कॅप्सूल डी२ ला हात लावत नाही. तिच्यातले झानोमेलिन एम१ आणि एम४ या मस्करिनिक रिसेप्टरांना (अॅसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या जागा) चालना देते आणि त्यातून स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागाकडे सुटणारे डोपामाइनच आवरले जाते, असे मानतात. नळाच्या तोंडात बोळा कोंबण्याऐवजी मागची चावी थोडी फिरवायची. पण हेच झानोमेलिन पोटात मळमळ, उलट्या करते. १९९० च्या दशकात अल्झायमरसाठी तपासले तेव्हा ते त्यापायीच मागे पडले. म्हणून याच कॅप्सूलमध्ये जोडीला ट्रॉस्पियम, मस्करिनिक रिसेप्टर अडवणारे औषध. ते मेंदूत फारसे शिरत नाही, मेंदूबाहेरचे, पोटातले वगैरे रिसेप्टर तेवढे झाकते. जोडी हुशारीने जमवली आहे.

सुरुवात ५०/२० मिग्रॅने (आधी झानोमेलिन, मग ट्रॉस्पियम), सकाळ-संध्याकाळ, किमान २ दिवस. मग १००/२० किमान ५ दिवस, सोसले तर १२५/३०. जेवणाआधी निदान १ तास किंवा नंतर निदान २ तास. कॅप्सूल फोडून वरणभातात कालवायची घरोघरची युक्ती इथे अंगाशी येईल: अन्नासोबत ट्रॉस्पियमचे शोषण फार घटते, झानोमेलिनचे घटत नाही. पोटाची ढालच गेली.

आधी लिव्हरची एन्झाइम्स आणि बिलिरुबिन तपासा, नाडीवर लक्ष ठेवा. लघवी तुंबणाऱ्यांना आणि उपचार न झालेल्या अरुंद कोनाच्या काचबिंदूत ती देत नाहीत. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते मेंदूतले मस्करिनिक रिसेप्टर अडवते, म्हणजे एकाने चालू करायचे, दुसऱ्याने बंद, वर बद्धकोष्ठता.

गुण? ५ आठवड्यांच्या एका चाचणीत पॅन्स (लक्षणांची तीव्रता मोजणारी मोजपट्टी) गुणांक २१.२ ने उतरला, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेली दिखाऊ गोळी) ११.६ ने. वजनही फारसे वाढत नाही. मात्र चालू औषधाला जोड म्हणून दिलेल्या चाचणीत (२०२५) फरक सांख्यिकी कसोटीला उतरला नाही. २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा छापील किंमत महिन्याला १,८५० डॉलर होती. बदली औषध म्हणून विचार जरूर करावा. जुन्यावर भर म्हणून एवढे मोजण्यात अर्थ दिसत नाही.