सज्ज दल की ऐनवेळची आघाडी?

शेजारी देशांनी मिळून शांतिसेना उभारायची, तर मार्ग दोनच. एक, आधीपासून ठरवून ठेवलेलं प्रादेशिक सज्ज दल: तुकड्या आपापल्या देशात, पण नावं, नियम आणि सराव आधीच झालेले. दुसरा, आग लागल्यावर जो येईल त्याला घेऊन बांधलेली आघाडी. संयुक्त सरावांच्या नियोजनात काही वर्षं घालवल्यावर मलाही एकदा यातलं एक निवडून शिफारस करावी लागली होती.

सज्ज दलाच्या विरोधात पुरावा भरपूर आहे, तो आधीच सांगतो. युरोपीय संघाचे सुमारे १,५०० सैनिकांचे लढाऊ गट २००७ पासून पाळीपाळीने तयार राहत आले आणि एकदाही प्रत्यक्ष मोहिमेवर गेले नाहीत. कारणांतलं एक अगदी घरगुती आहे: ज्याची पाळी, बराचसा खर्चही त्याच्याच खिशातून. आफ्रिकी सज्ज दल उभं राहण्याची मुदत २०१० ची होती, ती २०१५ वर गेली. मालीत २०१३ च्या जानेवारीत बंडखोर दक्षिणेकडे सरकले तेव्हा शेजाऱ्यांची फौज पोहोचण्याआधी फ्रान्स उतरला. शिवाय तीच बटालियन संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही आणि प्रादेशिक यादीतही, हा दुहेरी हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो आणि कोणीच बोलत नाही.

आघाडीकडे वेग आहे, हे मान्य. चाड सरोवराभोवतीच्या देशांनी बोको हराम या दहशतवादी संघटनेविरुद्ध चाडच्या राजधानीत, इंजामेनात, मुख्यालय ठेवून जे दल चालवलं, ते टिकलं. प्रत्येकाची स्वतःची सीमा जळत होती. मोझांबिकमध्ये २०२१ च्या जुलैत रवांडाचे सैनिक दोन सरकारांच्या थेट करारावर उतरले, तेही दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाच्या दलाच्या काही दिवस आधी.

तरीही माझं मत फिरलं ते एका कागदी सरावात. आघाडी टेबलावर बांधायची होती. तुकड्या तासाभरात ठरल्या, सेनापतीही ठरला. मग सराव घेणाऱ्याने चिठ्ठी सरकवली: एका देशाचा शिपाई जखमी, जवळचं रुग्णालय दुसऱ्या देशाच्या तुकडीचं, हेलिकॉप्टर तिसऱ्याचं. हेलिकॉप्टरवाल्यांना रात्री उडायची परवानगी राजधानीतून हवी. रुग्णालयवाल्यांच्या आदेशात फक्त ‘आपले सैनिक’ असं लिहिलेलं. रक्ताचं, औषधांचं बिल कोणाला पाठवायचं, यावर जेवणाची वेळ टळून गेली. कोणीही वाईट वागत नव्हतं. प्रत्येकजण आपल्या आदेशाला प्रामाणिक होता. चार तासांनी करार झाला, तोवर कागदावरचा शिपाई कागदावरच गेला होता.

ही कटकट सज्ज दलातही होतेच. पण ती शांततेच्या काळात, चहा पिता पिता, एकदा होते. आघाडीत ती दर वेळी नव्याने, आणि गोळीबार चालू असताना. माझा अनुभव म्हणजे काही मोजमाप नव्हे, कोणाला उलटंही दिसलं असेल. मला मात्र त्या दिवसापासून बटालियनच्या संख्येत फारसा रस उरला नाही. माझ्या लेखी सज्ज दल म्हणजे आधी कायमचा छोटा नियोजन कक्ष, गोदाम आणि सह्या झालेले करार, सैनिक त्यानंतर.

गांबियात २०१७ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं आणि दोन दिवसांत, निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणारे अध्यक्ष जामेह देश सोडून गेले. हे मी पुरावा म्हणून फार ताणणार नाही. सेनेगलने तीन बाजूंनी वेढलेला देश, अंतरच किती! पण पश्चिम आफ्रिकेत एकत्र लढण्याची सवय १९९० च्या लायबेरियातल्या यादवीपासूनची होती, हेही विसरू नये.

धोका एकाच सीमेवरचा आणि सगळ्यांना सारखाच जाळणारा असेल, तर आघाडीच घ्या, मी अडवणार नाही. बाकी कुठलाही मसुदा हातात आला की मी आधी वैद्यकीय परिशिष्ट उघडतो. तिथे बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘स्वतंत्रपणे ठरवण्यात येईल.’