कॉन्टेसा ठेवायची की विकायची, आणि विकायची तर कोणाला?

घरच्या आठवणीपायी घेतलेली जुनी कॉन्टेसा कार विकायचा विषय निघाला की लोक आधी भाव विचारतात. भावाचं नंतर बघू. आधी एवढं ठरवा, की दारातली गाडी वडिलांची आहे, की वडिलांच्या गाडीसारखी? आपल्या मराठवाड्यात मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत घराण्यांत दुसराच प्रकार जास्त दिसतो. आडतीपुढे उभी राहायची ती पांढरी कॉन्टेसा केव्हाच विकली गेलेली असते. पुढे वडील जातात, आणि मुलगा पुण्या-हैदराबादकडून तशीच एक हुडकून आणतो. रंग तोच, मॉडेल तेच, पण तिच्या स्टिअरिंगला वडिलांचा हात कधी लागलेला नसतो. माझं मत विचाराल तर वडिलांनी स्वतः चालवलेली गाडी शक्यतो ठेवावी आणि नंतर आणलेली चालू हालतीत असतानाच विकावी. आठवण तिच्या आधीपासून होती, ती गेल्यानंतरही राहील.

आता भावाचं. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आणली. साचा व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या गाडीचा, कारखाना बंगालमधल्या उत्तरपाड्याचा. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना जाणारी ताकद, यामुळे हौशी मंडळी तिला देशी मसल कार म्हणतात. पण पहिल्या गाड्यांत अ‍ॅम्बेसेडरचंच १५०० सीसीचं इंजिन होतं. दिसायला पैलवान, आणि घाटात धाप लागलेली! नंतर इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गियर आले तेव्हा कुठे अंगात रूपाला शोभेल असा जोर आला. २००२ मध्ये उत्पादन बंद पडलं. म्हणून जाणकार गिऱ्हाईक पहिल्याच फोनवर विचारतो, इंजिन मूळचं आहे का? आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी डिझेल इंजिन चढवलं, नाहीतर गॅस किट बसवलं. त्याची आरसीवर नोंद असेल तर भाव कमी येतो एवढंच. नोंद नसेल तर सौदाच अडतो.

ठेवायचं म्हटलं तर उभी गाडीही खर्च मागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला त्याची फी १०,००० रुपये झाली आहे. त्यावर पर्यावरण कर, विमा आणि एचएसआरपीची, म्हणजे नव्या सुरक्षित नंबराची, पाटी. दिल्लीकडच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नका, पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी बाद करा असा नियम आपल्याकडे नाही. उलट ‘थांबा, विंटेज झाली की सोन्याचा भाव येईल’ असं सांगणारेही भेटतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांत विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. म्हणजे सगळ्यात पहिल्या कॉन्टेसालाही २०३४ उजाडावं लागेल. वर विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

हवामानाचं आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आहे. कोरड्या हवेमुळे पत्रा टिकतो. मुंबईच्या गाडीची फरशी सडते तशी लातूर-परभणीकडची सहसा सडत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला जरूर सांगा. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली डॅशबोर्डला भेगा पडतात आणि दारांचं रबर कडक होऊन तुकड्यांनी गळतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं की क्षार धरलाच. शेड गोदामाला लागून असेल तर वायरिंगवर उंदरांचा हक्क. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतली ओल ओढून टाकी आणि कार्ब्युरेटर खराब करतं. आपल्याच शेतातला ऊस कारखान्यामार्गे येऊन आपल्याच गाडीच्या नळ्या खातो, तक्रार कोणाकडे करणार? ठेवायचीच असेल तर इथेनॉल चालणाऱ्या नळ्या बसवा, गाडी नियमित फिरवा आणि मेस्त्री हाताशी ठेवा. दीडहजारी इंजिनाचे सुटे भाग अ‍ॅम्बेसेडरच्या कृपेने अजून मिळतात. इसुझू इंजिनाचे, काचा आणि मागचे दिवे यांना मात्र शोधाशोध आहे.

विकायचं ठरलं तर खरी तुलना गावातला सौदा आणि बाहेरचा हौशी गिऱ्हाईक यांच्यात आहे. गावातला सौदा झटपट होतो. माणूस ओळखीचा, पैसे रोख. पण त्याच्या लेखी ती एक जुनी कार असते, आणि डोक्यात बहुतेकदा लग्नसराई असते: परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, फुलं लावून भाड्याने द्यायची. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, हे त्याला माहीत असतं आणि त्याचं काही वाटतही नसतं. तुम्हाला मात्र वाटलं पाहिजे, कारण अशा सौद्यात टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जावर, सह्या घेऊन गाडी नेतात आणि नाव महिनोन् महिने बदलत नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या राज्यात विकली तरी चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून हे राहून जातं.

बाहेरचा गिऱ्हाईक वेळ खातो. फोटो मागतो, परत मागतो, चेसिस नंबरचा जवळून मागतो. एक दिवस येतो आणि तुमच्या चकाकणाऱ्या रंगाकडे बघतही नाही. मॅट उचलून फरशीवर बोटांची हाडं वाजवतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेने सरकवत नेतो. चुंबक सुटलं की तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे, हे तुमच्याही लक्षात येतं. म्हणून विकण्याआधी नवा रंग देऊ नका. ताज्या रंगाने त्याचा संशयच वाढतो आणि तो खर्च किमतीत निघत नाही. पैसे घालायचेच तर ब्रेक, रेडिएटर आणि कार्ब्युरेटरवर घाला. गाडी पहिल्या चावीत सुरू झाली की निम्मी घासाघीस तिथेच संपते. नांदेड-देगलूरकडच्यांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे, तिकडेही विचारून बघा. तिथे विकायची तर फॉर्म २८ वर आपल्या आरटीओची एनओसी लागेल. मूळ इंजिन आणि स्वच्छ कागद असतील तर मी बाहेरच्याचीच वाट बघेन. इंजिन बदललेलं असेल तर गावात द्या, पण नाव बदलून झाल्यावरच किल्ली सोडा.

भंगाराबद्दल थोडक्यात. सरकारमान्य केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी भंगारात दिल्याचा दाखला, मिळतं आणि नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळते, केंद्राच्या नियमाने २५ टक्क्यांपर्यंत. सडलेल्या, बेवारस कागदांच्या गाडीला हा मार्ग बरा. चालू कॉन्टेसा तिथे नेणाऱ्याला मी दोनदा विचारेन.

पुतण्याला किंवा भाच्याला द्यायची असेल तर शेड आणि मेस्त्रीची सोय त्याच्याकडे आहे का, तेवढं बघा. नुसती हौस असेल तर दोन पावसाळ्यांत गाडी विटांवर जाते.

कागदांत आमच्या भागातला घोळ ठरलेला: गाडी दुकानाच्या नावावर. वैयक्तिक वापराच्या कारवर नफा झाला तरी भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण फर्मच्या वहीत घसारा धरलेल्या गाडीचा हिशोब वेगळा, तो आधी सीएला विचारा. आणि आरसीवर अजून वडिलांचंच नाव असेल तर अगोदर फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्याला बाकीच्या वारसांची संमती लागते, बहिणींचीसुद्धा. इसार घेण्याआधी हे उरकून घ्या. पुण्याचा माणूस ट्रेलर घेऊन दारात उभा असताना सहीसाठी औशाच्या ताईला फोन लावलात, तर ती ‘मला आधी का नाही विचारलं’ इथूनच सुरू करणार.